पाटावरचा पाहुणा

आंधळगावच्या त्या घरात मी वर्षभराहून जास्त भाड्यानं राहिले आणि तेवढ्या काळात माझा मोबाईल एकदाही चौकट ओलांडून आत गेला नाही. खोटं वाटतं ना? माझ्या बहिणीला अजूनही वाटतं. पण घरमालकाची अटच तशी होती. पाण्याचं, विजेचं, चुलीचं काही बोलणं व्हायच्या आधी त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं आणि विचारलं, "हा कोन?"

"फोन आहे," मी म्हटलं.

"ते दिसते मले. कोनाचा हाये?"

"कोणाचा म्हणजे? माझाच."

"तुहा हाये तं ठीक हाये. पन घरात नाई येनार तो. सपरीत बसन."

सपरी म्हणजे घरापुढची पडवी. तिथे भिंतीला लागून एक लाकडी पाट मांडलेला होता आणि पाटावर सुनेचा फोन आधीच बसलेला होता. हो, बसलेला. ते त्याला ठेवलेला म्हणतच नसत. नवा माणूस दारात आला की त्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, कोणाचा कोण ते विचारायचं, आणि त्याचं घराणं कळेपर्यंत आत न्यायचं नाही, ही त्या घराची जुनी रीत. फोनलाही त्यांनी तीच लावली होती. "हा रोज येते, पन याचे मायबाप कोन, गाव कोनतं, अजून कोनीच सांगतलं नाई मले," असं म्हणून ते विणायला मागावर जाऊन बसत. सून, जिला मी वहिनी म्हणायची, तोंडाला पदर लावून हसायची. कधी कधी मुद्दाम फोनपुढे पाण्याचा पेला ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, पाव्हन्याले पानी देल्लं."

मी त्यांना आबाजी म्हणायची. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे. सत्तरी उलटलेली, पाय काटकुळे, बोटं मात्र तरण्या माणसाची. माग जुन्या पद्धतीचा, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. दुपारच्या वेळी ते कमरेपर्यंत जमिनीत आणि वरचा अर्धा माणूस उजेडात, असे दिसायचे. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि फणीचा ठक्क आवाज. त्या आवाजात माझ्या किती दुपारी विरघळून गेल्या, देवाला ठाऊक. मी भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायचे, आणि जाग यायची तेव्हा कापड चार बोटं पुढे गेलेलं असायचं. कधी तर त्यांचाही डोळा लागलेला असे. हात चालू आणि माणूस झोपेत. मी एकदा हळूच विचारलं, "आबाजी, झोपलात का?" तर डोळे न उघडता म्हणाले, "हाव. सपनात हाओ. इथी कोनाचा फोन नाई येत, बरं वाटते."

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून आलेली होते. अकोल्याकडचं सासर. का सोडलं ते सांगायला मला आवडत नाही. डाव्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं, एवढं पुरे. ओळखीच्या एका बाईनं आंधळगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान काढलं होतं, तिथे काम मिळालं. कुठे चालले हे मी माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. भंडारा जिल्हा, तलाव, धानाच्या बांध्या, कुणी ओळखणारं नाही. मला वाटलं, झालं, सुटले.

आणि मी काय गंमतीची बाई होते बघा. दिवसभर दुकानात बसून गावाला शहाणपण शिकवायची. मावशी, हा आकडा कोणाला सांगू नका. काका, आलेल्या लिंकवर बोट दाबू नका. पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव ठेवता का कुणी, अरे देवा! लोक मान डोलवायचे. घरी येऊन मी आबाजींची थट्टा करायची, की तुम्ही बाई फोनला फारच भिता. ते म्हणायचे, "भीत नाई. ओयख नाई."

एकदा त्यांना कोणाचा तरी फसवणुकीचा फोन आला. वहिनींनी फोन पाटावरून उचलून, ते सपरीत आल्यावर, त्यांच्या कानाला लावला. पलीकडचा म्हणत होता, तुमचं खातं बंद होणार, आलेला नंबर सांगा. आबाजी म्हणाले, "सांगतो नं. पन तू कोनाचा?" तो म्हणाला बँकेतून. "ते झालं कामाचं. बाप काय करते तुहा? गाव कोनतं? इकडे पाऊस हाये, तिकडे हाये का? जेवला का?" पंधरा-वीस मिनिटं चाललं. शेवटी तो पोरगा म्हणाला म्हणे, "आजोबा, ठेवतो आता, माझी आई हाक मारतेय," आणि त्यानंच फोन ठेवला. आबाजी कितीतरी दिवस त्याची आठवण काढत होते. "जेवला नवता तो," म्हणायचे.

फोटोचंही तसंच. कोणी कापडाचा फोटो मागितला तर सुलट बाजूचा काढू देत, उलट बाजूचा नाही. उलट बाजूला गाठी असतात. "ज्याच्या हातात कापड देतो, तो उलटून पाहीन. बाकीच्याले काय गरज?" आणि स्वतःचा फोटो काढायचा झाला तर तोंडापुढे कापड धरून उभे राहत. एका प्रदर्शनाच्या कागदावर त्यांचा तसाच फोटो छापून आला. खाली नाव, वर नुसतं कापड आणि दहा बोटं. त्यांना तो फारच आवडला होता.

मला तिथे येऊन पाचेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी पाटावरचा फोन उचलला तर नवऱ्याचा मेसेज. इतक्या महिन्यांत पहिलाच. "आंधळगाव आवडलं का?"

मी फोन तसाच पाटावर पालथा ठेवला.

दोन दिवसांनी दुसरा. "आज बाजारात बराच वेळ लागला." मग, "तलावावर एकटी काय बसतेस?" मग, "दुकान उशिरा उघडलं वाटतं." शिवी नाही, धमकी नाही. नुसतं, मी तुला बघतोय. मी बाजारात वांगी निवडताना मागे वळून बघायला लागले. तलावाकडे जाणं सोडलं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघून मनात म्हणायची, हा असेल का? ही असेल का?

आणि मग माझी नजर आबाजींवर येऊन थांबली.

का नाही थांबणार? रोज सकाळी मी निघाले की मागावरून आवाज यायचा, "कुठी चाल्ली व बाई?" परतले की, "आली का?" झाडीपट्टीत ही विचारपूस म्हणजे रामरामच, तिचं उत्तर कोणी ऐकतही नाही, पण मी बाहेरची, मला ती पाळत वाटली. आणि माझा फोन? घरी असले की सारा वेळ यांच्या सपरीत! यांनीच तर तो आत नेऊ दिला नव्हता. मी असं जुळवत गेले आणि सगळं बरोबर जुळलं, अगदी चपखल. त्यांच्या "आली का"ला उत्तर देणं मी बंद केलं. थोड्या दिवसांनी त्यांनी विचारणंच सोडलं. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात भीती शिरली.

एका दुपारी मेसेज आला : "रविवारी येतोय. सामान बांधून ठेव." मी तो वाचला आणि तशीच मागाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. फोन हातात. चौकट ओलांडायला माझा एक पाय तेवढा उरला होता.

"तुम्हीच सांगता ना त्याला?" मी ओरडले. "किती दिवसांपासून सांगताय?"

धोटा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"कोनाले?"

आणि मी, जिनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, त्या खड्ड्यातल्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. नवरा, कान, मेसेज, रविवार. रडत होते, त्यांना नाही नाही ते बोलतही होते. माझं संपल्यावर हातावर जोर देऊन वर आले, मला घेऊन परसात गेले, पण त्याआधी फोन माझ्या हातातून घेऊन पाटावर ठेवला आणि वर कापड टाकलं.

"आता उलटी सांग," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कापडात खोट दिसली तं तिथीच पाहून काई सापडत नाई. धाग्याधाग्यानं मागं जा लागते. शेवटचा मेसेज कोनता? त्याच्या आंधीचा कोनता? त्या दिवशी तू कोठी होती?"

हातात कोशाचा एक लांब धागा घेऊन ते बसले. मी एकेक दिवस मागे जात होते आणि नवऱ्यानं बरोबर ओळखलेल्या प्रत्येक ठिकाणाला ते एक गाठ मारत होते. बाजार, गाठ. तलाव, गाठ. दुकान, गाठ. परसात ऊन होतं, शेवग्याची पानं गळत होती, आणि मला एकदम असं वाटलं की हे सगळं दुसऱ्याच कोणाचं तरी चाललंय, मी झोपेत बघतेय.

मग मी म्हटलं, एका शुक्रवारी त्यानं लिहिलं होतं, "आज घरीच? बरं नाही का?" पण मी तर एसटीनं मोहाडीला गेले होते. तहसीलमध्ये काम होतं. दिवसभर.

त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी तू फोन इसरून गेलती," ते म्हणाले. "मोटार गेली मंग तुही आठवन आली मले, का बाईचा पाव्हना एकटाच बसला."

"हो."

"आता पाह्य. मी सांगतलं असतं तं त्याले मोहाडी मालूम पडलं असतं. मले मालूम होतं तू मोहाडीले गेलीस म्हनून. सुनेलेबी मालूम होतं. अख्ख्या मोटारीले मालूम होतं. नाई कोनाले मालूम होतं?" त्यांनी सपरीकडे मान वळवली. "त्याले. तो घरी होता, मनून तू घरी."

मीही तिकडे पाहिलं.

"तो तुले कोनं देल्ला?"

"नवऱ्यानं. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला. सगळं त्यानंच भरून, चालू करून दिलं होतं."

"मंग तो त्याचाच मानूस हाये व बाई," आबाजी म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले की मला पुन्हा रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या मोबाईलवाल्यानं पाच मिनिटांत तेच सांगितलं. ताई, यात तुमचं नाव कुठेच नाही, खातं दुसऱ्याच्या नावावर आहे, तो माणूस घरबसल्या हा फोन नकाशावर बघू शकतो. गावाला ओटीपीचे धडे देणारी मी, आणि स्वतःच्या फोनचं खातं कोणाचं हे मी कधी उघडून पाहिलं नव्हतं! नवऱ्यानं दिलेला म्हणजे आपलाच, असं धरून चालले होते. लाज वाटावी इतकी साधी चूक, पण आमच्याकडच्या किती बायकांच्या हातात आज असाच फोन आहे, मोजायला बसू नये.

"बंद करून टाकते आत्ताच," मी घरी येऊन म्हटलं.

"नोको. बंद केला तं त्याले शेवटचं गाव हेच दिसन. इथीच येईन." ते बराच वेळ धोटा हातात फिरवत राहिले. मग एकदम लहान मुलासारखे हसले. "याले फिरवून आनतो मी. इतके महिने बसला बिचारा सपरीत. आपलं जंगल तं दाखवलंच नाई याले."

मी नको नको म्हटलं. तुम्हाला काही झालं तर? म्हणाले, मले काय होते, मी म्हातारा मानूस, बसस्टँडवर बसन. मी त्यातले फोटो पुसले, नंबर वहीत उतरवले. त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, माझी चूक झाली आबाजी, मी तुमच्यावर संशय घेतला. ते म्हणाले, "मले मालूम होतं ते. तू 'आली का' म्हटल्यावर बोलेनाशी झाली, तवाच समजलो. मनून इचारनं सोडलं मी. मनात म्हटलं, आपल्या आवाजाचं भेव वाटते पोरीले, कायले भेव दाखवा." मी त्याला चोराच्या मनातली भीती समजले होते. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शनिवारी ते कोशाच्या चिंधीत फोन गुंडाळून साकोलीच्या एसटीत बसले. मी त्याच सकाळी वहिनींबरोबर भंडाऱ्याला गेले, तक्रार दिली, एका वकीलबाईंना भेटले. भीत भीत का होईना, सही केली.

साकोलीत काय झालं ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, बहुतेक मागावर बसून, कधी अर्धवट झोपेत, त्यामुळे त्यातलं किती घडलं आणि किती विणलं, मी सांगू शकत नाही. शनिवारी ते फोनला घेऊन गावभर फिरले. त्याला तलाव दाखवला. जंगलाच्या रस्त्यावर थोडं चालून आले. रात्री ओळखीच्याकडे राहिले, तिथेही फोन ओसरीवर. रविवारी सकाळपासून बसस्टँडच्या बाकावर, मांडीवर शिंगाड्यांचा पुडा, शेजारी पिशवी.

अकराच्या सुमारास एक माणूस आला. हातातल्या फोनकडे बघायचा, मग बायकांच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा फोनकडे. स्टँडला चार चकरा मारल्या. शेवटी दमून त्याच बाकावर बसला. मध्ये फक्त पिशवी.

"आजोबा, इथे एक बाई दिसली का? सावळी, उंच. एकटी."

"कोनाची कोन?"

"माझी बायको आहे."

"तुही बायको," आबाजी म्हणाले, "आन् मले इचारतं?"

आबाजींनी त्याला शिंगाडे दिले, त्यानं घेतले. "भूक लागलती त्याले," ते मला म्हणाले. मला राग आला. म्हटलं, त्याला कशाला खाऊ घातलंत? तर म्हणाले, "खाऊ घालनं येगळं, पत्ता सांगनं येगळं."

मग तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात रायपूरकडे जाणारी गाडी लागली. आबाजी तिच्यात चढले, फोन चिंधीसकट शेवटच्या सीटखाली सरकवला आणि उतरले. गाडी निघाली. थोड्या वेळानं त्या माणसानं हातातल्या फोनकडे पाहिलं, दचकला, आणि धावत आपल्या गाडीत बसून महामार्गाला लागला. फोन पुढे, तो मागे, दोन्हीकडे जंगल. मी ते पाहिलेलं नाही, पण आजही डोळे मिटले की मला ती रिकाम्या सीटची बस दिसते आणि गाढ झोप लागते.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. तारखा पडत गेल्या, तो एकदा कोर्टाच्या आवारात ओरडलाही, पण अखेर कागदावर मी सुटले. मला दुसऱ्या गावी चांगलं काम मिळालं. कुठे ते इथे लिहीत नाही, रागावू नका.

निघायच्या दिवशी मी आबाजींना नवा पत्ता द्यायला चिठ्ठी काढली, तर त्यांनी ती हातात घेतली नाही. "लिवलेलं कोनाच्याबी हाती पडते. तोंडानं सांग." मी सांगितला. घराचा आकडा, गल्ली, खूण, गाव. ते मागावर बसून, धागे मोजतात तसा, एकेका ठोक्याला एकेक शब्द म्हणत राहिले. दुपारपर्यंत पाठ झाला. मग म्हणाले, "सुनेले नोको सांगू. भोळी हाये. चांगल्या मनानं ग्रुपवर टाकून देईन." वहिनी आतून ओरडल्या, "आयकू आलं मले!" आणि आम्ही तिघंही हसलो.

मी वर्षातून एकदा, न कळवता, त्यांना भेटायला जायची. गेले की आधी माझाच पत्ता मला म्हणून दाखवायचे. एक अक्षर चुकायचं नाही.

यंदा गेले तेव्हा धान कापून झालं होतं आणि बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. घरातून मागाचा आवाज नव्हता. वहिनींनी मला पाहिलं, पाणी आणलं, आणि माझा हात धरून खालीच बसल्या.

"आबाजी गेले," त्या म्हणाल्या. "महिना होऊन गेला."

मला राग आला. दुःखाच्या आधी रागच आला. "मग मला कळवलं का नाही? मी नसते का आले?"

"कोठी कळवू?" वहिनींचा आवाज फुटला. "आठ दिस खाटेवर होते. सारखं तुमचंच नाव. बाईले बोलवा, बाईले पाहू द्या. आमी म्हटलं, पत्ता सांगा, आत्ताच्या आत्ता गाडी पाठवतो. तं डोये मिटून घेत. आमाले वाटलं इसरले असतीन. पन ओठ हालत राह्यचे त्यायचे, आतल्या आत. शेवटच्या दिवशी मी रागावली. म्हटलं, तुमाले भेटायचं हाये नं तिले, मंग सांगत काहून नाई? तं डोये उघडले आन् म्हनतेत, 'पत्ता तिनं मले सांगतला. तुमाले नाई.'"